शमीम आपाचे शब्द अजून बाहेर हाईत

मायबापहो, बसा. मागच्या बायाईनं समोर या, इथं सतरंजीवर लय जागा हाय. आरिफभाई, तुमी कायले उठता? तुमी घरचे हा. बसा.

मले बोलाले उभं केलं खरं, पन शोकसभेत मी पहिल्यांदाच बोलून राह्यली. दवाखान्यात मी दिवसभर लोकाईशी बोलते, तिथं जीभ अडखळत नाही. इथं अडखळली तं सांभाळून घ्या. तरी एक आधीच सांगून ठेवते. मी इथं रडणार नाही. रडणं घरी झालं, मायच्या पदरात झालं. इथं मी बोलाले आली, अन् बोलूनच खाली बसणार.

ज्याईले मी माहीत नाही त्याईच्यासाठी सांगते. मी सविता. तांड्यावरच्या रामभाऊची लेक. उपकेंद्रात नर्स हाय. अन् शमीम आपाची पोट्टी. नात्याची नाही, क्लासची.

गेल्या जुम्म्याले सकाळी आपा गेली. छातीत कळ आली म्हणाली, वाशिमले न्याले गाडी काढली, अन् रस्त्यातच सरलं. सांजेले मिट्टी झाली. बाया कब्रस्तानात जात नाहीत. म्हणून आमी क्लासच्या साऱ्या पोरी आपाच्या ओट्यावर बसून राह्यलो, अन् गल्लीच्या वळणापर्यंत जनाजा जाताना पाह्यला. तिथून पुढं आमाले काही दिसलं नाही. त्या वळणावरच माहं बोलणं अडकून राह्यलं होतं. ते आज सोडून राह्यली.

आपाले आमी 'तू' म्हणत होतो. तुमाले कसं तरी वाटंल. पन मायले कोन 'तुमी' म्हणते?

माह्या आधी चार मोठी माणसं बोलली. चांगलंच बोलली. भाऊसाहेब म्हणाले, आपाच्या जाण्यानं गावात कधी न भरणारी पोकळी झाली. भाऊसाहेब, तुमी वयानं मोठे, तुमचा मान मले हाय. पन पोकळी कुठं झाली, मले दिसली नाही. मले बांगडीच्या दुकानामागची खोली दिसली. अन् तिच्या दाराले कुलूप दिसलं.

पोकळी भरता येत नसंल. कुलूप तं उघडता येते ना?

हां, आता जरा चुळबुळ झाली. होऊ द्या.

आपा कोन होती ते तुमाले माहीतच हाय. बांगडीवाल्या हाजीसाहेबाची लेक. इंग्रजीत एम.ए. झाली, शाळेत शिकवलं, मंग शाळा सोडली अन् आब्बाच्या दुकानामागं खोलीत क्लास धरला. भाऊसाहेब म्हणाले ते खरं हाय, पोट्ट्याईले इंग्रजी शिकवलं. पन कसं शिकवलं, ते कोनी सांगतलंच नाही. ते सांगतलं नाही तं कुलूप काहून उघडाचं, हे तुमाले कसं समजंल?

शाळेत आमाले मोठे मोठे शब्द पाठ कराले लावत. हत्ती, विमान, राजा, स्वातंत्र्य. उलशा शब्दाईकडं कोनी पाह्यतच नव्हतं. टू, ऑफ, बाय, विथ, दॅट, द. मी एकदा सराले इचारलं, सर, या 'द'चा अर्थ काय? सर म्हणाले, त्याले अर्थ नसते, तो येतेच, लिहीत जाय. मी घरी येऊन मायले सांगतलं. माय म्हणे, "बिना कामाचा कोन कोनाच्या घरी रोज येते व? काही तं काम असंल त्याचं."

अन् आपाच्या क्लासात पहिल्याच दिवशी आपानं तेच सांगतलं. फळ्यावर सात-आठ उलसे शब्द लिवले अन् म्हणाली, "याईचा मतलब कोनी इचारू नका. मतलब याईच्यापाशी नाहीच. याईच्यापाशी काम हाय. मले काम सांगा."

मंग आपा मराठीवरूनच समजावे. म्हणे, घर. आता घराले, घरात, घरून, घराचा. हे 'ले', 'त', 'ऊन', 'चा' काय करून राह्यले? शब्दाच्या मागं चिकटून काम करून राह्यले. तुमी रोज त्याईले राबवता, पन कधी पाह्यलं नाही. इंग्रजीत हेच गडी शब्दाच्या समोर येऊन उभे राह्यतात, मोकळे. तेवढाच फरक. गडी तेच, उभं राह्याची जागा दुसरी.

मायबापहो, ज्या पोट्टीले इंग्रजी नको नको होतं, तिले त्या दिवशी त्याची भूक लागली. खरं सांगते.

पन आपाची खरी रीत दिवाळीनंतरची होती.

दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक लागतात. ऊसतोडीले जाणं हे आमच्याकडं नवं नाही. माय, बाप, भांडी, कोंबड्या, लेकरं, सारं एकाच ट्रकात. शाळेत मास्तर हजेरी घेते अन् आमच्या नावापुढं रेघ मारते. ट्रक सुटला की गावासाठी आमी संपलो. उन्हाळ्यात आलो की नव्यानं सुरू, अन् नव्यानं मागं.

आपानं काय केलं? ट्रक सुटाच्या आदल्या दिवशी जाणाऱ्या दर पोट्ट्याले एक एक उलसा शब्द देल्ला. तळहातावर पेनानं लिहून. म्हणाली, "हा शब्द तुहा. घेऊन जाय. जिथं दिसंल तिथं थांब अन् पाह्य तो काय काम करून राह्यला. बोर्डावर पाह्य, ट्रकावर पाह्य, औषधाच्या बाटलीवर पाह्य. आल्यावर क्लासले सांग. तू येईपर्यंत हा शब्द मी शिकवणार नाही. इथल्या पोट्ट्याईले थांबा लागंल."

आयकलं का? इथल्या पोट्ट्याईले थांबा लागंल. जे गावात राह्यले, ज्याईचे बाप दुकानदार, ज्याईच्या घरी पंखा, त्याईले आमच्यासाठी थांबा लागत होतं. आमच्यासाठी तोवर कोन थांबलं होतं हो?

मले भेटला 'टू'. मी रुसली. म्हटलं, आपा, हा एवढासा? दोन अक्षराचा? मले मोठा दे. आपा हसली अन् म्हणाली, "घेऊन तं जाय. जड झाला तं वापस कर."

माह्या मायले वाचता येत नाही. पन माह्या तळहातावर तिनं तो शब्द पाह्यला अन् ध्यानात ठेवला. खांब, खांबावर आडवं लाकूड, बाजूले गोल. मंग काय इचारता! कारखान्याच्या रस्त्यानं माय मोळी डोक्शावर घेऊन चालता चालता ओरडे, "सविते, तो पाह्य व तुहा टू!" आमच्या पाचटाच्या कोपीत सामानाचा खोका आला की माय आधी खोका फिरवून पाहे. आजूबाजूच्या बायाईले बी नाद लागला. एक म्हणे, माह्या पोरीचा 'बाय' कुठंच दिसून नाही राह्यला, जरा पाहा व बाई. मुकादम म्हणे, ऊस तोडाले आल्या का बोर्ड वाचाले आल्या? माय म्हणे, "कोयता हातात हाय, डोळे तं मोकळे हाईत ना?"

उन्हाळ्यात आलो. मी क्लासात उभी राह्यली. म्हटलं, आपा, हा 'टू' दोन कामं करते. जागेच्या नावासमोर असला तं रस्ता दाखवते. कँटीनकडं, गेटाकडं, पुण्याकडं. पन करण्याच्या शब्दासमोर असला तं तो रस्ता नाही दाखवत. तवा तो सांगते की हे काम अजून झालं नाही, व्हायचं हाय. भराले, तोडाले, जाले. आपल्या मराठीत दोन्हीले 'ले' लागते, म्हणून मले पहिले ओळखूच आलं नाही.

आपानं इचारलं, "हे तुले कोनी सांगतलं?"

म्हटलं, कोनी नाही. मी पाह्यलं.

आपा फळ्यापासून बाजूले सरली. खडू माह्या हातात देल्ला अन् स्वतः पोट्ट्याईत जाऊन बसली. त्या दिवशी 'टू' मी शिकवला. शाळेत ज्या पोरीच्या नावापुढं रेघ होती तिनं शिकवला. जे थांबले होते ते वह्या उघडून लिहीत होते.

भाऊसाहेब, तुमी म्हटलं, आपानं गोरगरीब लेकराईवर उपकार केले. नाही. आपाले हा शब्द चालला नसता. आपा आमाले काम देत होती अन् आल्यावर कामाचा हिशेब मागत होती. ज्याच्यावर उपकार केले त्याले कोनी हिशेब मागते का? जो बरोबरीचा त्यालेच मागते.

अन् तुमी सारे हसले होते, ते बी मले याद हाय. विष्णूची गोष्ट. हसा, आता बी हसा, मले बी हसू येते. विष्णू तिथंच खांबापाशी बसला हाय, लाजू नको रे. जानेवारीच्या घटक चाचणीत रिकाम्या जागा भराच्या होत्या. एका जागी 'विथ' पाहिजे होता. विष्णूले येत होता. पन त्यानं जागा तशीच सोडली. सरानं कान धरला, येत असून लिवलं काहून नाही? विष्णू म्हणे, "सर, तो शीलाचा शब्द हाय. शीला अजून आली नाही."

साऱ्या गावात बोभाटा झाला. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, आपानं पोट्टे येडे केले, शब्दाच्या सात-बाऱ्यावर नावं चढवली. विष्णूचा बाप तावातावानं खोलीवर आला. आपाले म्हणाला, माह्या पोट्ट्याचा मार्क गेला! आपा आधी एवढी हसली की खोकलाच लागला. मंग विष्णूले जवळ घेतलं. म्हणाली, "येड्या, शब्द वापराले कोनाची मनाई नाही. विहीर साऱ्याईची. फक्त 'विथ'चं काम काय ते सांगाचा मान शीलाचा." अन् मंग त्याच्या बापाकडं पाहून म्हणाली, "भाऊ, तुमच्या लेकानं एका मार्कापायी शीलाची जागा खाल्ली नाही. असा माणूस गावात दुसरा दाखवा."

काका, तुमी इथं बसले हा. तवा तुमी घरी गेले, अन् दुसऱ्या दिवशी खोलीत नवी ट्यूबलाईट लावून गेले. बरोबर ना?

आता कुलुपाकडं येते.

आरिफभाई, मी तुमाले वाईट म्हणाले उभी नाही. तुमी आपाचे पुतणे. तुमी आपाले बाजेवरून उचलून गाडीत घेतलं, रस्ताभर तिचं डोकं मांडीवर धरलं. ते मी इसरली नाही. खोली तुमच्या मालकीची, त्याच्यात बी वाद नाही. तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आली तं तुमी म्हटलं, "सविता, आपाच नाही तं क्लास कायचा? मले माल ठेवाले जागा पाहिजे. अन् पाह्य ना तू, खोलीत बसते कोन आता? चार पोट्टे. खोली रिकामीच तं हाय."

मी घरी गेली, भाकर समोर घेऊन बसली, अन् भाकर तशीच राह्यली. त्याचं उत्तर आज साऱ्याईसमोर देते.

खोली रिकामी नाही, आरिफभाई. पोट्टे कामावर गेलेत.

या दिवाळीनंतर बी आपानं तळहात धरून शब्द वाटले. मी स्वतः तिथं होती. 'फ्रॉम' गेला, 'अनलेस' गेला, 'दॅट' गेला. 'दॅट'वर तं तिघं भांडले, म्हणून आपानं त्याचे तीन भाग केले. एकानं बोट दाखवणारा 'दॅट' पाहाचा, एकानं दोन वाक्यं जोडणारा, एकानं मागच्या नावाले धरून पुढची गोष्ट सांगणारा. तिघं तीन कारखान्यावर हाईत. शब्द सारे बाहेर हाईत. मायबापहो, माणसं वावरात कामावर गेली असता घराले बाहेरून कुलूप घालून कोनी म्हणते का, इथं कोनी राह्यत नाही?

अन् 'आपाच नाही तं क्लास कायचा' म्हणता. हे तं आपाले सर्वात जास्त लागलं असतं. सारी जिंदगी ती खडू दुसऱ्याच्या हातात देत राह्यली, ते कायले? आपल्यामागं फळा पुसून टाकाले?

मले कोनी कानात म्हटलं, गावात आता नवा क्लास येऊन राह्यला, एका महिन्यात फाडफाड इंग्रजी. येऊ द्या. आमची काही दुश्मनी नाही. पन मी दवाखान्यात काम करते. परवा एक पोरगं आपल्या बुढीले घेऊन आलं, फाडफाड बोलणारं. गोळ्याची डबी माह्यासमोर धरून डबीवरचं सारं वाचून दाखवलं. खाण्याचा शब्द वाचला, गोळीचा शब्द वाचला. मधातला 'बिफोर' मात्र असा गिळला जसा तो तिथं नव्हताच. बुढी रोज जेवल्यावर गोळी घेत होती अन् म्हणत होती, गुण येऊन नाही राह्यला. उलसा शब्द होता. सारं काम त्याच्यापाशी होतं.

अन् आमच्यातल्याच काही शिकलेल्याईनं मले सांगतलं, सविता, जाऊ दे ना, तू तं नर्स झाली, तुहं झालं. तांड्यावरचे बाकीचे शेवटी ऊसच तोडतीन, त्याईले हे सारं कायले? याचं उत्तर मी देत नाही. तुमी माह्या मायले इचारा. ती तिथं बसली हाय, हिरव्या लुगड्याची. आजबी माही माय सही कराले अंगठाच लावते. पन परवा बसस्टँडवर नव्या बोर्डाकडं बोट दाखवून मले म्हणाली, "तुहा हाय ना तो?" त्याईले कायले, हे ठरवणारे तुमी कोन?

भाऊसाहेबाईनं ठराव मांडला की वाचनालयाले आपाच्या नावाची पाटी लावाची. लावा. चांगली पाटी लावा. पन पाटी लावून मोकळे होऊ नका. माणूस मेला की त्याचं नाव भिंतीवर अन् त्याचं काम गोदामात, ही रीत मले मंजूर नाही. आपाच्या घरच्याईनं सांगतलं, फोटो नको, हार नको. म्हणून इथं फोटो नाही. मले बरं वाटलं. फोटो असता तं साऱ्याईनं फूल वाहून नमस्कार केला असता अन् घरी गेले असते. आता कोनाले फूल वाहता येत नाही. आता कामच करा लागंल.

माही ड्यूटी पाचले सुटते. साडेपाचले मी खोलीवर येईन. इंग्रजी मले आपाएवढं येत नाही. 'द'चं काम मले अजून पुरतं सांगता येत नाही, आपाले बी इचारलं तं ती म्हणे, "त्याच्यावर नजर ठेव, लय लबाड हाय." जे येत नाही ते मी पोट्ट्याईसंगं पाहीन. विष्णू आता कॉलेजात हाय, तो शनिवारी येईन. येशीन ना रे? मान हलवू नको, तोंडानं बोल. हां.

आता शेवटचं सांगते, मंग बसते.

परवाच्या दिवशी मले फोन आला. तांड्यावरच्या पायलचा. सातवीतली पोट्टी. कारखान्यावर हाय, मायबापासंगं. मुकादमाच्या फोनवरून बोलून राह्यली होती, मागून ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाली, "ताई, आपा गेली हे खरं हाय का?"

म्हटलं, खरं हाय.

मंग ती म्हणाली, "ताई, माहा 'फ्रॉम' मले लय ठिकाणी सापडला. त्याचं काम मले समजलं. आता कोनाले सांगू?"

मायबापहो, मी म्हटलं होतं इथं रडणार नाही. नाही रडत. पानी नको, राहू द्या.

मी तिले म्हटलं, आल्यावर खोलीत येजो, फळ्यासमोर उभी राहून साऱ्याईले सांगजो. तिनं इचारलं, खोली उघडी राहीन ना ताई? अन् मी हो म्हटलं. तुमाले न इचारता म्हटलं, आरिफभाई. कुलूप तुमचं, खोली तुमची, अन् जबान मी देऊन बसली. चुकलं असंल तं इथंच, साऱ्याईसमोर म्हणा की चुकलं. मी आताच्या आता पायलले फोन लावते अन् सांगते, येऊ नको बाई, तुह्या शब्दाचं इथं कोनाले काम नाही. ते सांगाची हिंमत माह्यात नाही. तुमच्यात असंल तं फोन तुमी लावा.

नसंल तं ऐका.

आपा, तुले आमचा सलाम. माती तुले हलकी होवो.

आता सारे उभे राहा. बोलणं बंद, लेकरं उगी, फोन बंद. आपासाठी दोन मिनिटं शांत राहू. अन् आरिफभाई, तुमची चाबी कमरेलेच हाय, मले दिसून राह्यली. मौन सुटलं की मी पहिले तुमच्यासमोर येईन, हात पुढं करून.